मोहाखालची झाडलेली जमीन

बाई, तू गेल्याचं फोनवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "वाघ का?" तुझ्या गावाचं नाव घेतलं की आता कुणाला दुसरं काही सुचत नाही. मी सांगायचो, नाही, वाघ नाही, सकाळी अंगणात मोहाची फुलं वाळत घालता घालता गेली, डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. त्यावर पलीकडून "अच्छा, अच्छा" असं सुटल्यासारखं ऐकू यायचं. दहाव्या-बाराव्या फोननंतर मलाही तसंच वाटायला लागलं, की फार काही झालेलं नाही.

परवा तेरवी आटोपली. पाहुणे गेले, मी थांबलोय. घरापुढच्या सपरीत खाट टाकून अंगणाकडे बघत बसतो. रडू आलेलं नाही. वेळेवर भूक लागते, वेळेवर झोप येते, आणि या दोन्हींची लाज वाटायला हवी तीही वाटत नाही. तुझा लेक संदीप घुग्घुसहून सिमेंटच्या कारखान्यातली शिफ्ट अर्धवट टाकून मोटरसायकलवर आला. चांगला दोन लेकरांचा बाप, पण माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि त्याच्या कॉलरवर सिमेंट किती बसलंय ते बघत होतो. सगळ्यांना वाटलं, धाकटा भाऊ किती धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा. आत काही हलतच नव्हतं.

तू वाळत घातलेला मोह तेरा दिवस अंगणातच होता. शेजारची शेवंता रोज येऊन तो खालवर करून जायची. काल तिनं तो भरून ठेवला, तेव्हा अंगणात चटईएवढी जागा चिकट, पिवळट राहिली. मी ती बघत राहिलो आणि मला घुग्घुसची आपली खाट आठवली.

तुला आठवत असेलच. वडील कोळशाच्या खाणीत, आणि आपल्या घरात दिवसातून तीनदा झाडू, तरी पाय काळेच. आईनं खाटेवर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या आणि मी चेंडूमागे त्यावरून सरळ धावत गेलो. आईनं विचारायच्या आधीच तू म्हणालीस, "मीच तुडवल्या. दिसल्या नाई मले." तू तेव्हा अकरा वर्षांची, मी सातचा. मार तू खाल्लास आणि त्या वड्यांची भाजी मी खाल्ली. माझ्यासाठी खोटं बोलताना तुझ्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. पुढे किती वेळा हलली नाही ते तेव्हा मोजायला हवं होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस ते गोंडपिपरीकडचं जंगल सांगतच. "आमच्या इथी जंगल झाडतेत," तू म्हणालीस. वडील हसून हसून बेजार. "जंगल झाडतेत? मंग डोंगर पुसत असतीन!" धुळीच्या गावातली पोरगी झाडण्यातून सुटावी म्हणून लांब दिली, तर सासरी तिच्या हातात अंगणाऐवजी जंगल आलं, ही आपल्या घरातली वर्षानुवर्षांची थट्टा होऊन बसली. थट्टेच्या पलीकडे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, किंवा दुसराच लेख लिहिला असता.

नंतर समजलं ते असं. गावाला लागून, नाल्याच्या अलीकडे मोहाचा पट्टा. जमीन सरकारची, झाडं गावाची, आणि प्रत्येक झाडाखालची जागा ठरलेल्या घराची. फाल्गुनात फुलं गळायच्या आधी त्या त्या घरची बाई झाडाखाली जाते. आधी भोवताली हातभर पट्टा खराट्यानं स्वच्छ करते, म्हणजे आग पुढे पळणार नाही. मग आतला पाला गोळा करून जाळते, आणि थंड झाल्यावर राखही झाडून काढते. जमीन तव्यासारखी काळी होते. त्या काळ्यावर पहाटे गळलेलं फूल उजाडताच दिसतं, वेचायला सोपं जातं आणि पाल्याखाली काही बसलेलं असण्याची भीती राहत नाही. तुझ्या घराचे मोह चार. भाऊजी गेल्यावर दोन वर्षं शेतीचं काहीच धड नव्हतं, तेव्हा संदीपची शाळा या चार झाडांनी चालवली, असं तू सांगायचीस.

आणि मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. आपल्याकडच्या कागदांवर 'झुडपी जंगल' नावाचा जमिनीचा एक प्रकार असतो. त्यात झुडपं असतात किंवा नसतात, जंगल असतं किंवा नसतं, पण कागद असतो. अशा जमिनींची पाहणी करून सध्याची स्थिती लिहायची होती, आणि तुझ्या गावाचा पट्टा माझ्या वाट्याला आला. मी खूश झालो. काम दोन तासांचं, आणि जेवण बहिणीकडे.

फाल्गुन होता. ऊन चढलं होतं, पोटात कावळे ओरडत होते. पट्ट्यात पोचलो तर जमीन काळी, उघडी, आणि झाडांवर एक पान नाही. मोह त्या दिवसांत पानं टाकून उभा असतो हे मला पुस्तकात ठाऊक असावं, डोळ्यांना ठाऊक नव्हतं. घुग्घुसमध्ये वाढलेल्या माणसाला काळी जमीन म्हणजे जिथं काही उगवत नाही ती जमीन. मी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून रकाना भरला: 'जमीन मोकळी व पडीक. झाडे तुरळक, निष्पर्ण. कोणताही वापर आढळून आला नाही.' खाली सही केली. ज्या झाडाला टेकून लिहिलं ते तुझं होतं की दुसऱ्या कुणाचं, हे आता कळायला मार्ग नाही.

मग तुझ्याकडे जेवायला आलो. गरम भात, वरण, पावसाळ्यात वाळवून ठेवलेल्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी. तू वाढत होतीस आणि तुझ्या नखांत काळं होतं, मनगटापर्यंत राखेचे ओरखडे. मी म्हणालो, "अवं बाई, घुग्घुस सोडून इतके वर्स झाले तरी हात काळेच तुहे!" तू हसलीस. म्हणालीस, "सकाळपासून मोहाखाली होती ना. धुतले तरी जात नाई." मी आणखी भात मागून घेतला. पिशवीत तो कागद होता, समोर ते हात होते, आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एका जागी आल्या नाहीत. यायला बरीच वर्षं लागली.

पुढचं सगळं रीतसर झालं. दुसऱ्या तालुक्यात खाण वाढवायची ठरली, तिथलं जंगल तुटणार होतं. तेवढ्या झाडांच्या बदल्यात झाडं कुठंतरी लावायलाच हवीत, तसा नियम आहे आणि नियम वाईट नाही. रिकाम्या जमिनींची यादी निघाली. यादीत तुझ्या गावाचा मोहाचा पट्टा होता, कारण तिथं 'कोणताही वापर' नव्हता. तारेचं कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं. मोहाच्या मुळांमधून ओळीनं खड्डे खणले गेले आणि त्यात सागाची रोपं लागली. कुणाच्या मनात पाप नव्हतं, बाई. खड्डे खणणारे तुझ्याच गावचे होते, कामाची गरज त्यांनाही होती.

तुम्ही बाया मग नाल्यापलीकडे जाऊ लागलात, आतल्या जंगलात, जिथले मोह कुणाचेच ठरलेले नव्हते. जिथं वाघीण पिल्लं घेऊन राहते हे सगळ्यांना माहीत होतं.

या जमिनीवरून आपण किती भांडलो! मी सरकारी माणूस, माझं म्हणणं तयार असायचं. धानाला जमीन पाहिजे, कापसाला पाहिजे, कोळसा जमिनीखालीच आहे, वाघाला जंगल पाहिजे, आता सूर्याची वीज बनवणारेही जागा शोधत फिरतात. "जमीन तेवढीच हाये ना बाई, रबर थोडीच हाये? कोणाले तरी नाई म्हनाच लागते. आन् तुह्या घरातला पंखा कायच्यावर फिरते? आपन दोघं कायच्यावर वाढलो?" तू कधी कोळशाला शिव्या दिल्या नाहीस. वडिलांचा डबा तू भरायचीस, संदीपचा पगार त्याच धुरातून यायचा. वाघालाही दिल्या नाहीस. त्यामुळे तुझ्याशी भांडणं अवघड जायचं. चिडलेल्या माणसाला उत्तर देणं सोपं असतं.

एकदा तू म्हणालीस, "तुह्या कागदात एका जमिनीले एकच खाना हाये. जंगल, नाई तं शेती, नाई तं पडीक. आमच्या इथी तसं नसते. फागनात तो पट्टा आमचा. मंग तेंदूपत्ता तोडनाऱ्याचा. पावसात ढोराइचा. आन् दिवस बुडाला का त्याचा." वाघाचं नाव तू घेत नसायचीस. मी म्हणालो, असं कुठं असतं का? तर म्हणालीस, "काऊन नसते? संदीपच्या कारखान्यात एका मशीनवर तीन शिफ्ट चालतेत. एकानं मशीन घरी नेली का? आपली शिफ्ट झाली का उठाचं, दुसऱ्याले बसू द्याचं."

मी म्हणालो, "वाघाले शिफ्ट कोन समजावून सांगीन?"

"त्याले मालूम हाये," तू म्हणालीस. "तुमालेच नाई मालूम."

मी हा किस्सा ऑफिसात चहाच्या वेळी सांगून लोकांना हसवलं होतं. तुला सांगितलं नाही कधी. आता सांगतो. हसले सगळे, आणि एक वयस्कर शिपाई तेवढा हसला नाही.

पण तू हट्टी असलीस तरी आंधळी नव्हतीस. शेजारच्या गावातली एक बाई चांगल्या उजेडात, सकाळी मोह वेचताना गेली, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, आता कुठं गेली तुझी शिफ्ट? विचारायला नको होतं. तू तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकलास. मग म्हणालीस, "आता आमीच त्याच्या जागेत जाऊन राह्यलो ना बाबू. आमची जागा तं तारेच्या आत गेली."

तो कागद तुला कसा मिळाला ते मला नंतर समजलं. ग्रामसभेनं त्या पट्ट्यावर सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. दावा परत आला, कारण पाहणीत वापर दिसला नव्हता. तू शेवंताला घेऊन तालुक्याला गेलीस आणि पाहणीची झेरॉक्स मागून घेतलीस. शेवंता बाहेर रिक्षा बघत होती, कागद तुझ्या हातात आला. दुसऱ्या दिवशी एकटीच चंद्रपूरला माझ्याकडे आलीस. पाणी प्यायलीस, चहा नको म्हणालीस, आणि कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवलास.

"हे अक्षर तुहं हाये ना?"

लहानपणी माझ्या पाट्या तू पुसायचीस. तुला अक्षर ओळखायला सही लागत नव्हती. मी म्हणालो, "तवाची जशी स्थिती होती तशी लिहिली, बाई."

तू शांतपणे म्हणालीस, "ते स्थिती मी केली होती, बाबू. खराट्यानं."

आयुष्यात इतकी माणसं माझ्यावर ओरडली, शेताचे बांध मोजताना काठ्या घेऊन धावली. तुझ्या या वाक्याएवढं मला कुणी काही लागेलसं बोललेलं नाही. तू ओरडलीही नाहीस. एवढंच म्हणालीस, "एक कागद लिहून दे. का पाहाले चुकलो म्हनून. ती जमीन झाडलेली होती, पडीक नोयती." मी म्हणालो, बघतो. निवृत्तीला तीन वर्षं होती, चौकशी लागली असती, लोकांनी तोंडावर विचारलं असतं की बहिणीच्या गावासाठी जबाब फिरवला का. ही सगळी कारणं खरी होती. मग मी निवृत्त झालो आणि कारणं संपली, तरी कागद लिहिला नाही. आणखी दोनदा विचारलंस तू. शेवटचं यंदा संक्रांतीला, तिळाचा लाडू हातावर ठेवताना, अगदी हळू, "लिवला का रे?" मी लाडवाचं कौतुक केलं.

तुला माझा राग आला होता का, हे मला समजत नाही. तू राग दाखवला असतास तर मी बहुतेक लिहिलं असतं. हेही पुन्हा तुझ्याच गळ्यात घालतोय, बघ. सवय जात नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर शेवंता माझ्याजवळ येऊन बसली. ती आता ग्रामसभेच्या वनसमितीची अध्यक्ष आहे, म्हणून तिनं तुझ्या आठवणी काढता काढता दाव्याचा विषय काढला. म्हणाली, "तो कागद लिवनारा सायेब जिता असता ना भाऊ, तं काम झालं असतं. त्याच्याच तोंडून वदवलं असतं. पन बाईनं तालुक्यात तपास केला, तो तं कवाच मेला म्हने."

मी म्हणालो, "बाईनं सांगलं?"

"हो ना. चार वेळा सांगलं. सभेत पन सांगलं. आन् झेराक्सवर सही उमटलीच नाई पाहा त्याची." तिनं फाइल उघडून दाखवली. माझं अक्षर वरपासून खालपर्यंत स्वच्छ, आणि जिथं सही असायला हवी तिथं कोरी पांढरी पट्टी. सरळ कडेची. झेरॉक्सच्या काचेवर वरून कागदाची पट्टी ठेवल्याशिवाय अशी कड येत नाही. माझ्याकडे टेबलावर ठेवलास त्या प्रतीवर सही होती. म्हणजे ग्रामसभेसाठी तू दुसरी काढलीस.

बाई, सगळं गाव त्या साहेबाला शोधत होतं आणि तो दर दिवाळीला तुझ्या अंगणात बसून चकल्या खात होता. ज्या दाव्यासाठी तू उन्हातान्हात तालुक्याच्या पायऱ्या झिजवल्यास, त्या दाव्याचा एकमेव उपयोगी साक्षीदार तूच लपवून ठेवलास. वर ठार मारलास, म्हणजे कुणी शोधायलाच नको. तुझ्या चार झाडांपेक्षा, गावातल्या सगळ्या बायांच्या झाडांपेक्षा, त्या वड्या तुडवणारा पोरगा तुझ्या पारड्यात जड ठरला. मला याबद्दल तुझे उपकार वाटतात आणि तुझा भयंकर रागही येतो. दोन्ही वाटतं, पण लांबून, भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसं.

काल सकाळी मी पट्ट्याकडे जाऊन आलो. कुंपणाबाहेरूनच. साग इतक्या वर्षांत कमरेएवढेच झालेत, काही वाळलेत. मोह अजून उभे आहेत, त्यांना नवी तांबूस पालवी फुटली आहे. खाली गुडघाभर गवत आणि पाला, अनेक वर्षांचा, कुणी न झाडलेला. मी त्यात तुझी चार झाडं शोधायला लागलो आणि लक्षात आलं, मला ती माहीतच नाहीत. अख्खं आयुष्य मोजण्यात गेलं, तिथं उभा राहून या जमिनीचा आकडा सांगितला असता. तुझी झाडं कोणती, ते येत नव्हतं.

परत येऊन कागद लिहायला बसलो. एका पानात झालं. ज्याला इतकी वर्षं लागली त्याला अर्धा तास लागला. त्या दिवशी जमीन काळी होती कारण ती त्याच सकाळी झाडून, जाळून मोहासाठी तयार केली होती. झाडं निष्पर्ण होती कारण त्या महिन्यात ती तशीच असतात. वापर नव्हता असं नाही, वापर चालू होता आणि वापर करणारीच्या हातचं मी त्या दुपारी जेवलो. हे शेवटचं वाक्य अर्जात शोभत नाही. तसंच ठेवलं आहे.

आज सकाळी शेवंताला तिच्या अंगणात जाऊन कागद दिला. तिनं उभ्यानं वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. खालची सही बघितली. माझ्याकडे बघितलं.

"बाईले मालूम होतं?"

"हो."

"पयल्यापासून?"

"झेरॉक्स मिळाली तवापासून."

मला वाटलं शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माही भावजय नाल्यापलीकडून पाय मोडून आली, भाऊ. दोन वर्स झाले." मग कागदाची घडी घालून माझ्याच हातात परत दिली. "मले काऊन देता? सोमवारी सभा हाये. तिथी उभं राहून वाचा. सगळ्याइसमोर." चहाचं विचारलं नाही.

या कागदानं फाटकाचं कुलूप निघेल का, मला माहीत नाही. खात्यात मी आयुष्य काढलंय, कागद किती हळू चालतात ते मला दुसऱ्यानं सांगायला नको. कुलूप निघालं तर त्या सागांचं काय करायचं, हाही प्रश्न आहे, आणि त्यावर तुझं उत्तर मला पाठ आहे: "राहू दे ना त्याइले बांधाकडं. मोहाच्या बुडातले तेवढे काढा."

सोमवारपर्यंत इथंच आहे. समाजमंदिरात बाया पुढं बसतात, पुरुष मागं भिंतीला टेकून, हे तूच सांगितलंस. मी पुढं उभा राहीन आणि वाचीन, आणि कुणीतरी मध्येच विचारेल की हे सगळं कुणामुळं झालं. तेव्हा मी सवयीनं बायांच्या रांगेत तुला शोधीन. माझ्याआधी उठून "मीच केलं" म्हणायला तू तिथं नसशील.